हिडकलच्या पाण्यात चौदा फुटी मोटरबोट : नाक वर, वेग नाही. २५ चे इंजिन घालावे का?

घटप्रभाकाठ

मंडळी, नमस्कार. आमचे गाव बेळगाव जिल्ह्यातल्या हुक्केरी तालुक्यात, घटप्रभेवरच्या हिडकल जलाशयाच्या अगदी काठाला. मच्छीमार सोसायटीचे काम, पलीकडच्या काठावरची शेती आणि अडीनडीला माणसांची ने-आण यासाठी मालवणहून एक वापरलेली फायबरची बोट आणली. लांबी १४ फूट. इंजिन १५ हॉर्सपॉवरचे टू स्ट्रोक आउटबोर्ड, दोरी ओढून चालू होणारे, मागे बसून हँडलने वळवायचे. समुद्रात चालवून बघितली तेव्हा छान पळत होती. इथे आणल्यापासून चार तक्रारी आहेत.

तीन माणसे आणि जाळी घेतली की बोट नाक वर करते, पुढचे पाणी दिसत नाही, आणि पूर्ण रेस दिली तरी ताशी १७ किलोमीटरच्या वर जात नाही. एकटा असलो तर वेग येतो, पण नाक सारखे वर-खाली आपटत राहते. जोरात वळवली की इंजिन एकदम किंचाळते आणि बोटीचा जोर जातो. आणि हँडल सतत उजवीकडे ओढते, पलीकडच्या काठाला पोचेपर्यंत मनगट दुखते.

गावात सगळ्यांचा सल्ला एकच, २५ चे इंजिन घाल. एवढा खर्च करण्याआधी जाणकारांना विचारावे म्हटले. पहिलीच बोट आहे, त्यामुळे अगदी पहिल्यापासून सांगितले तरी चालेल.

कारवारचा_मिस्त्री

दादा, आत्ताच पैसे घालू नका. तुम्ही सांगितलेल्या चारही गोष्टी बसवण्याच्या आहेत, इंजिनाच्या ताकदीच्या नाहीत, असे मला वाटते. किनाऱ्यावर चांगली चालणारी बोट घाटावर आणली की निम्म्या लोकांना हा अनुभव येतो. पण अंदाजाने काही सांगत नाही. आधी एवढे मोजून इथे लिहा.

पंख्याच्या बुंध्यावर दोन आकडे कोरलेले असतात, उदाहरणार्थ ९ १/४ × १०. पहिला व्यास, दुसरा पिच, दोन्ही इंचात. पिच म्हणजे पंखा एका फेऱ्यात, घसरला नाही तर, किती इंच पुढे जाईल ते.

पूर्ण रेसला इंजिन किती आरपीएम (मिनिटाला फेरे) घेते ते हवे. स्पार्क प्लगच्या वायरीला गुंडाळायचा छोटा डिजिटल टॅकोमीटर मिळतो, तो लावा. टू स्ट्रोकला साधारणपणे फेऱ्याला एक ठिणगी असे सेटिंग लागते. ते चुकले तर आकडा बरोबर दुप्पट किंवा निम्मा दिसतो, त्यावरून ओळखू येते. वेग मोबाइलच्या जीपीएसवर घ्या, एकदा वाऱ्याच्या बाजूने आणि एकदा वाऱ्यावर, आणि सरासरी काढा.

बोट काठावर घ्या. तळाला लांब सरळ पट्टी लावून ती मागे इंजिनापर्यंत न्या. पंख्याच्या वर जी आडवी चपटी कॅव्हिटेशन प्लेट असते ती त्या पट्टीच्या वर आहे की खाली, आणि किती मिलिमीटर, ते लिहा. इंजिनाचा कोन ठरवणारी आडवी पिन कितव्या भोकात आहे तेही बघा.

शेवटची गोष्ट वजन. खरे वजन पाहिजे, अंदाजे नको.

कृष्णाकाठ_मांजरी

वजनासाठी सोपा उपाय सांगतो. ट्रॉलीवर बोट ठेवून उसाच्या वजनकाट्यावर न्या. आपल्याकडे पाच-दहा किलोमीटरमध्ये एक काटा सापडतोच. मग रिकामी ट्रॉली तोलून वजा करा. जुन्या फायबर बोटीच्या दुहेरी तळात फोम भरलेला असतो, त्यात पाणी मुरले की बोट बाहेरून कोरडी दिसते आणि आतून भिजलेली असते. नुसते बघून हे कधीच कळत नाही.

अजून एक. "इंजिन किंचाळते, जोर जातो" हे वळताना होते की सरळ जातानापण कधी होते? सरळ जाताना होत असेल तर पंख्यातले रबर सुटलेले असू शकते की ओ. पंख्याच्या आत दांड्याला धरून रबराची बुश असते, पंखा दगडाला लागला तर गिअर वाचावा म्हणून. ती घसरायला लागली की इंजिन फिरते आणि पंखा मागे राहतो. पेंटने बुशच्या आतल्या नळीवर आणि पंख्याच्या बुंध्यावर मिळून एक सरळ रेघ मारा, बोट जोरात चालवून आणा, परत बघा. रेघ तुटून सरकली असेल तर पंखा बदलायचा, बाकी काही करून उपयोग नाही.

सुकाणूदार

मी थोडा वेगळा बोलतो. १४ फुटी बोटीला २५ चे इंजिन ही काही नवलाई नाही. ज्याला रोज चार-पाच माणसे न्यायची आहेत त्याने १५ वर प्रयोग करत वर्ष घालवू नये. ताकद असली की लाटेत आणि वाऱ्यात माणूस निर्धास्त असतो.

कारवारचा_मिस्त्री

@सुकाणूदार, रोज चार-पाच माणसे हा तुमचा मुद्दा बरोबर आहे, आणि तशी गरज असेल तर मीही २५ म्हणेन. पण त्याआधी मागची फळी तेवढी पेलते का ते बघायला लागते. जुन्या फायबर बोटीत ट्रान्समच्या आत प्लायवूड असते. बोल्टाच्या भोकातून पाणी जाऊन ते कुजते. लाकडी हातोडीने सगळीकडे ठोकत जा. टणक आवाज येतो तिथे प्लाय चांगला आहे, बद्द आवाज आला तिथे समजून घ्या. आणि २५ चे इंजिन १५ च्या मानाने दहा-पंधरा किलोने तरी जड असते. ते सगळे वजन अगदी शेपटाला जाते. आधीच मागे बसणाऱ्या बोटीचे नाक त्याने आणखी वर जाईल.

घटप्रभाकाठ

सगळे मोजले. उत्तरे देतो.

पंखा ९ १/४ × १०. रेघ सरकली नाही, म्हणजे रबर शाबूत आहे. इंजिन फक्त वळतानाच किंचाळते. एकटा असताना पूर्ण रेसला ५००० आरपीएम, वेग ताशी ३१ किलोमीटर. तीन माणसे आणि जाळी घेऊन ४२०० आरपीएम, वेग १७. इंजिनाच्या पुस्तकात पूर्ण रेसची हद्द ४५०० ते ५५०० दिली आहे.

कॅव्हिटेशन प्लेट तळाच्या खाली ६५ मिलिमीटर आहे. पिन शेवटच्या म्हणजे फळीपासून सर्वांत लांबच्या भोकात.

काट्यावर नुसत्या बोटीचे वजन २०० किलो भरले. जिथे बांधली होती त्यांच्याकडून कळले की अशी बोट नवी असताना १६० च्या आसपास असते.

२४ लिटरची पेट्रोलची टाकी चालवणाऱ्याच्या पायाशी, म्हणजे एकदम मागे. नांगर आणि दोरही मागेच. ट्रान्सम ठोकून बघितला, सगळीकडे टणक आवाज आहे.

कारवारचा_मिस्त्री

आता बोलता येईल. एकेक घेऊ.

आधी ताशी १७ चे बघू. पंखा अजिबात घसरला नसता तर वेग किती आला असता, याचा हिशेब असा : आरपीएम गुणिले पिच, भागिले गिअर रेशो, भागिले ६५६, उत्तर ताशी किलोमीटरमध्ये. गिअर रेशो म्हणजे पंख्याच्या एका फेऱ्याला इंजिनाचे किती फेरे होतात ते. तुमच्या इंजिनाचा २.०८ धरतो, पुस्तकात पडताळून घ्या. एकटे असताना ५००० × १० ÷ २.०८ ÷ ६५६ म्हणजे ३६.६. प्रत्यक्षात ३१ मिळाले, म्हणजे घसर साधारण १५ टक्के. हलक्या बोटीला १० ते २० टक्के घसर असतेच, तेव्हा तुमचा पंखा आणि इंजिन दोन्ही ठीक आहेत. तीन माणसांना हाच हिशेब ३०.८ येतो आणि मिळतात १७. घसर ४५ टक्के. बोट पाण्यावर उचललीच जात नाही, पाणी ढकलत चालली आहे.

बोटीच्या चालीच्या दोन तऱ्हा असतात. सावकाश चालते तेव्हा ती पाणी बाजूला सारत जाते. १४ फुटी बोटीला ही चाल ताशी आठ-नऊ किलोमीटरपर्यंत सोपी असते. त्यापुढे ती स्वतःच उठवलेल्या लाटेवर चढायला बघते, शेपूट खाली बसते, नाक वर जाते. ती चढण पार केली की बोट तळावर तरंगत सरकते, नाक खाली येते, पेट्रोल कमी लागते. तुमची बोट बरोबर त्या चढणीच्या मध्ये अडकली आहे. पेट्रोल सर्वांत जास्त तिथेच जळते. म्हणून वजन जास्त असेल त्या दिवशी रेस कमी करून आठ-नऊवर निवांत चालवा. १२ ते १८ या वेगात बोट चालवण्यात काहीच अर्थ नाही.

चढण पार करायला काय लागते? वजनाला पुरेल एवढी ताकद, आणि ती ताकद काढून घेणारा पंखा. माझा ठोकताळा असा की सगळे मिळून वजन एका हॉर्सपॉवरला २५ किलोच्या आत असेल तर बोट पटकन उचलते, ३० पर्यंत मांडणी नीट असेल तर उचलते, त्यापुढे रडवते. तुमचे बघा : बोट २००, इंजिन ३७, पेट्रोल आणि टाकी २०, तीन माणसे २१०, जाळी आणि नांगर २५. झाले ४९२. हॉर्सपॉवरला जवळजवळ ३३. त्यातले ४० किलो नुसते मुरलेले पाणी आहे! ते आधी काढा. तळाच्या मागच्या बाजूला निचऱ्याचे भोक पाडून बोट नाक वर करून उन्हात ठेवा. नुसत्या उन्हाने फोम पूर्ण सुकत नाही, पण साचलेले पाणी तरी वाहून जाते. भोकाला पितळी बूच बसवून घ्या, पुढेही कामाला येईल.

आता मांडणी. पिन लांबच्या भोकात असली की पंखा बोटीचे शेपूट खाली आणि नाक वर ढकलतो. एकटे असताना नाक आपटते तेही त्यामुळेच. पिन फळीच्या बाजूला आणा, दुसऱ्या भोकापासून सुरुवात करा. बोट पळत असताना कॅव्हिटेशन प्लेट पाण्याच्या पातळीला समांतर दिसली पाहिजे. फार आत घेतली तर नाक पाण्यात खुपसते आणि वळताना बोट अचानक भोवंडते, तेव्हा एका वेळी एकच भोक.

पेट्रोलची टाकी आणि नांगर पुढे न्या. उलाळ झालेली बैलगाडी जशी धुरेवर वजन टाकल्याशिवाय चालत नाही, तशी ही बोट आहे. टाकीची नळी लांब घ्यावी लागेल, ती पेट्रोलला चालणारीच घ्या, बागेची नको. चालवणाराही मागच्या फळीला चिकटून बसू नये. हँडल लांबवायची दांडी मिळते, ती लावून मधल्या बाकाच्या जवळ बसा.

उंची. समुद्रावर लाटेत पंखा उघडा पडू नये म्हणून इंजिन खोल बसवतात. तुमच्याकडे ६५ मिलिमीटर खोल म्हणजे पायाचा तेवढा जास्त भाग पाण्यात ओढला जातोय. साध्या तळाच्या बोटीला प्लेट तळाच्या बरोबरीने किंवा २५ मिलिमीटरपर्यंत वर चालते. ट्रान्समच्या डोक्यावर सागवानी पट्टी घालून आधी ५० मिलिमीटर उचला. दोन गोष्टी सांभाळा. क्लॅम्पचे स्क्रू अजून भरीव लाकडावरच बसतायत का ते बघा, आणि आरपार बोल्ट नव्या जागी घेताना जुनी भोके सीलंटने नीट बुजवा. इंजिनाला साखळी बांधल्याशिवाय पाण्यात जाऊ नका. उचलल्यावर इंजिनाच्या मागून पाण्याची पिचकारी पहिल्यासारखीच जोरात येते का ते बघत राहा. ती बारीक झाली तर इंजिन तापेल, एक पायरी खाली घ्या.

पंख्याचे सगळ्यात शेवटी. एवढे केल्यावर आकडे परत घ्या, मग ठरवू. सगळे एकदम बदलले तर कशाने फरक पडला ते कळत नाही.

संकेश्वरची_शिक्षिका

भाऊ, समुद्रात पळणारी बोट हिडकलला का मंदावली यात हवेचाही वाटा आहे. जलाशयाची पूर्ण पातळी समुद्रसपाटीपासून २१७५ फूट. एवढ्या उंचीवर हवा सुमारे सहा टक्के विरळ असते, आणि इंजिनाची ताकद साधारण त्याच प्रमाणात उतरते. दर हजार फुटांना तीन टक्के असे धरायला हरकत नाही. त्यात उन्हाळा. तापमान दहा अंशांनी वाढले की हवा आणखी तीन टक्क्यांच्या आसपास विरळ होते. म्हणजे मालवणात १५ असलेले इंजिन एप्रिलच्या दुपारी तुमच्याकडे १४ च्याही खाली येते. गोडे पाणी खाऱ्यापेक्षा किंचित हलके असल्याने बोट थोडी खोलही बसते, पण तो फरक अगदी कमी.

म्हणूनच पिच कमी केलेला पंखा घाटावर लागतो. ताकद वाढत नाही, पण इंजिनाला त्याच्या हद्दीत फिरता येते.

कारवारचा_मिस्त्री

ताई, नेमके सांगितलेत. एक इंच पिच कमी केला की साधारण १५० ते २०० आरपीएम वाढतात. कार्बोरेटरचे जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी बारीक भोकाची नळी, मात्र एवढ्या उंचीसाठी सहसा बदलावे लागत नाही, त्याच्या मागे लागू नका.

कृष्णाकाठ_मांजरी

चालवण्याबद्दल मी लिहितो, कारण नवीन माणूस इंजिनाकडेच बघत बसतो आणि धोका हँडलच्या हातात असतो.

वळताना किंचाळते त्याचे कारण, बोट आतल्या बाजूला कलते, पंखा पाण्याच्या वरच्या थराजवळ येतो आणि हवा ओढतो. इंजिन उचलल्यावर हे थोडे वाढेलसुद्धा. उपाय हाताचा आहे. वळणाच्या आधी रेस उतरवा, वळण घ्या, सरळ होता होता रेस वाढवा. हवा पकडली तर रेस पूर्ण सोडा, पंख्याला परत घट्ट पाणी मिळू दे, मग द्या. तसेच दाबत राहिले तर इंजिन हद्दीबाहेर फिरते आणि पाण्याच्या पंपालाही हवा मिळते.

हँडल कधी मोकळे सोडायचे नाही. वेगात असताना हात सुटला तर इंजिन एका बाजूला फिरते, बोट गर्रकन वळते आणि चालवणारा बाहेर फेकला जातो. मग तीच बोट गोल फिरून त्याच्याच अंगावर येते. इंजिन बंद करायची लाल दोरी मनगटाला किंवा जॅकेटला अडकवलीच पाहिजे. हँडलला दांडी जोडणार असाल तर नवीन जागेवरून ती दोरी पुरते का ते आधी बघा. आणि लाइफ जॅकेट अंगात, बाकाखाली नाही. पोहता येणाऱ्यालाही.

काठाला लावताना वाहते पाणी असेल तर नाक प्रवाहाच्या वरच्या दिशेला करून यायचे, जलाशयात वाऱ्यावर तोंड करून. त्यामुळे बोट आपसूक मंदावते आणि रिव्हर्सवर भिस्त राहत नाही. सावकाश चालीत रेस सोडली की वळवण्याची ताकदही जाते, हे लक्षात ठेवा. आउटबोर्डला सुकाणू नसते, पंखा ढकलतो तेव्हाच बोट वळते. म्हणून थोडी रेस, न्यूट्रल, थोडी रेस असे करत यायचे.

आमच्या कृष्णेत दोन त्रास वेगळे आहेत. जलपर्णी पंख्याला गुंडाळली की रेस वाढवू नका. न्यूट्रल करा, दोन सेकंद रिव्हर्स द्या, बहुतेक वेळा सुटते. नाही सुटली तर इंजिन बंद करून, उचलून, हाताने काढा. दुसरा त्रास गाळ. पावसाळ्यातले लाल पाणी इंजिन थंड ठेवणाऱ्या पंपाच्या रबरी इंपेलरला, म्हणजे आतल्या चक्रीला, खाऊन टाकते. आम्ही दर वर्षी इंपेलर बदलतो. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या पुरात ज्यांच्या बोटी माणसे काढायला उपयोगी पडल्या त्यांची इंजिने आधीपासून जपलेली होती. पूर आल्यावर दुरुस्तीला वेळ मिळत नाही.

बंधाऱ्यापासून लांब राहा. कल्लोळ-येडूर असो की दुसरा कुठलाही, पाणी वरून सांडत असताना बंधाऱ्याच्या खाली पाणी उलटे फिरते आणि बोटीला भिंतीकडे ओढते. १५ काय, ४० चे इंजिनही तिथे पुरत नाही.

हुन्नूरकर

हिडकलला गाळ नाही पण उन्हाळ्यात वेगळाच धोका असतो. पाणी उतरले की बुडालेले विठ्ठल मंदिर उघडे पडते आणि लोक बघायला जातात. ते वर दिसायच्या आधीचे दिवस बोटीला वाईट, कारण दगडी बांधकाम, जुन्या झाडांची खोडे, बांध असे सगळे पाण्याखाली फूटभरावर असते आणि वरून काही कळत नाही. त्या दिवसांत ओळखीच्या वाटेनेच जा आणि इंजिनाचे टिल्ट लॉक सोडलेले ठेवा. म्हणजे खोडाला पाय लागला तर इंजिन मागून उचलले जाते, फळी फुटत नाही. उथळात शिरायच्या आधी वेग उतरवा. नाक वर असलेल्या बोटीतून पुढचे खोड दिसणार नाही, म्हणून या धाग्यातला पहिला प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

जुलैमध्ये वाऱ्याचे पण बघा. पश्चिमेचा वारा लांबवरून मोकळ्या पाण्यावर येतो आणि दुपारपर्यंत चांगल्याच लाटा उठतात. पलीकडे जायचे तर सकाळी.

घटप्रभाकाठ

मंडळी, मनापासून आभार. सांगितलेल्या क्रमाने केले. निचऱ्याचे भोक पाडल्यावर तळातून गढूळ पाणी कितीतरी वेळ वाहत होते. उन्हात ठेवून परत काट्यावर नेली, आता वजन १७०.

टाकी आणि नांगर पुढे गेले, पिन दुसऱ्या भोकात आली. एकटा असताना नाक आपटणे एकदम थांबले. तेवढ्यावरच बोट वेगळी वाटायला लागली. सागवानी पट्टी घालून इंजिन ५० मिलिमीटर उचलले. पिचकारी पहिल्यासारखीच आहे, मागे उडणारा पाण्याचा फवारा कमी झाला, हँडलचे ओढणेही बरेच कमी झाले. एकट्याला ५२०० आरपीएम, वेग ३३. तिघांना ४५०० आरपीएम, वेग २०. पण तिघांना उचलायला अजून फार वेळ लागतो, आणि वारा समोरून असला तर उचलतच नाही.

आता पंखा बदलावा का? आणि हँडल थोडे ओढते अजून, त्याचे काय?

कारवारचा_मिस्त्री

आता बदला. ९ १/४ × ८ घ्या, अॅल्युमिनियमचा. तिघांना इंजिन ४९०० च्या आसपास गेले पाहिजे, आणि बोट पटकन उचलली पाहिजे. वेग हिशेबाने २४ च्या आसपास येईल. एकटे असताना मात्र हा पंखा ५५०० च्या वर जाईल, तेव्हा पूर्ण रेस द्यायची नाही, टॅकोमीटर बघून थांबायचे. ९ पिच हा मधला मार्ग आहे, पण तुमचे काम वजनाचे आहे, म्हणून मी ८ म्हणतो. १० चा जपून ठेवा, अडचणीत सुटा पंखा लागतोच. त्याच्याबरोबर कॉटर पिन, नट आणि पाना एका पिशवीत घालून बोटीतच ठेवा.

पंखा काढलाच आहे तर दांड्याला मासेमारीची तंगूस गुंडाळलेली आहे का बघा. ती आत शिरून ऑइल सील कापते आणि गिअरमध्ये पाणी जाते. तुमच्याकडे जाळीचे काम आहे, म्हणजे हे दर वेळी बघायचेच. गिअर ऑइल दुधाळ दिसले तर सील गेले. दांड्याला वॉटरप्रूफ ग्रीस लावून पंखा चढवा.

हँडल ओढण्यासाठी, कॅव्हिटेशन प्लेटच्या खाली छोटा पडदा असेल तर त्याचा बोल्ट ढिला करून मागची कड किंचित डावीकडे करा. हँडल नाही, बोट ज्या बाजूला वळायला बघते ती बाजू नीट ओळखा, आणि फरक उलटा पडला तर कड दुसरीकडे न्या. एका वेळी अगदी थोडे.

सुकाणूदार

वजनाचा हिशेब वाचून माझे मत बदलले. १४ फुटी बोटीत ३० किलो पाणी घेऊन फिरणाऱ्याला २५ चे इंजिन सुचवणे बरोबर नाही. आमच्याही बोटी काट्यावर नेतो.

मलप्रभेचा_नवीलतीर्थ

याच धाग्यात विचारतो. माझ्याकडे फोर स्ट्रोक ९.९ आहे, १२ फुटी अॅल्युमिनियमची बोट. पावसाळाभर उभी होती, आता चालू होते पण रेस दिली की गुदमरते. पंख्याचा दोष असेल का?

कारवारचा_मिस्त्री

नाही, हे पेट्रोलचे आहे. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते हवेतले बाष्प ओढते, आणि पाणी जास्त झाले की इथेनॉल आणि पाणी मिळून टाकीच्या तळाला वेगळे बसतात. नळी तळातूनच पेट्रोल घेते. टाकीतले काचेच्या बाटलीत काढून थोडा वेळ ठेवा, दोन थर दिसले तर सगळे काढून टाका. कार्बोरेटरचा तळाचा स्क्रू सोडून वाटी रिकामी करा. छोटा जेट चिकटला असेल तर साफ करावा लागेल. पुढे पाणी वेगळे करणारा फिल्टर टाकीच्या नळीत बसवा, आणि बोट आठवडाभर उभी राहणार असेल तर नळी काढून कार्बोरेटरमधले पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालवा. काठावर करत असाल तर पाण्याच्या बादलीत पाय बुडवूनच, कोरडे एक मिनिटही नको.

टू स्ट्रोकवाल्यांसाठी : ऑइल टीसी-डब्ल्यू३ लिहिलेलेच. मोटरसायकलचे टू टी ऑइल हवेने थंड होणाऱ्या इंजिनासाठी असते, ते इथे चालत नाही. प्रमाण बहुतेकांना ५०:१, तरी पुस्तक बघा.

संकेश्वरची_शिक्षिका

कागदपत्रांचे कोणी लिहिले नाही म्हणून लिहिते. २०२१ च्या इनलँड व्हेसल्स कायद्याने १९१७ चा जुना कायदा गेला, आणि इंजिनावर चालणाऱ्या बोटीला नोंदणी आणि सर्वेक्षण प्रमाणपत्र लागते. दुसऱ्या राज्यातून आणलेल्या बोटीची जुनी कागदपत्रे विकणाऱ्याकडून घेऊनच ठेवा. जलाशय कर्नाटक नीरावरी निगमचा, म्हणजे पाटबंधारे महामंडळाचा आहे, तेव्हा तिथल्या कचेरीची लेखी परवानगी वेगळी. खाली घटप्रभेवरच्या धुपदाळ बंधाऱ्याचा परिसर घटप्रभा पक्षी अभयारण्यात येतो. तिथे स्थलांतरित पक्षी उतरतात, इंजिनाची बोट तिकडे नेऊच नका.

घटप्रभाकाठ

ताई, जुनी कागदपत्रे आहेत, नोंदणीचे काम सोसायटीतर्फे चालू केले आहे.

८ पिचचा पंखा बसवला. तिघे आणि जाळी : ४९०० आरपीएम, वेग २४. रेस दिल्यावर नाक वर जाते आणि लगेच खाली येते, पुढचे पाणी बसल्या जागेवरून दिसते. वाऱ्यावरही उचलते. चौघे असलो तर मिस्त्रींनी सांगितल्याप्रमाणे आठ-नऊवर चालवतो, पेट्रोल खरोखर कमी लागते. पडदा किंचित फिरवल्यावर हँडल एका बोटाने धरता येते. पंखा काढला तेव्हा दांड्यावर तंगूस निघाली, सील मात्र वाचले होते.

एकच शंका. फोममध्ये अजून दहा किलो पाणी आहे असे दिसते. तळ कापून फोम बदलावा का?

कारवारचा_मिस्त्री

या हंगामात नको. तळ कापला की सांगाड्याचे फायबर परत नीट जोडणारा माणूस लागतो, आणि तो फोम बोट उलटली तर तरंगत ठेवणारा आहे, तेव्हा अर्धवट काढून ठेवायचा नाही. दर वेळी बूच काढून निचरा करा आणि बोट नाक वर ठेवून बांधा. पावसाळ्याआधी परत काट्यावर न्या. १७० चे १८० झाले असतील तर पाणी कुठून शिरते ते शोधायचे, बहुतेक जुन्या बोल्टाच्या भोकांपासूनच सुरुवात करावी लागेल.